प्लेटलेट्सची पिशवी मागवण्याआधी: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टर आणि परिचारिकांसाठी

ऑगस्ट उजाडला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात एकच प्रश्न दिवसभर कानावर पडतो: "डॉक्टर, पेशी किती आल्या?" बहुतेक नातेवाईक प्लेटलेट्सना 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या संसर्गाशी लढतात. प्लेटलेट्स म्हणजे बिंबिका, त्या रक्तस्राव थांबवतात. डेंग्यूत दोन्ही घटतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. हा फरक पहिल्याच दिवशी नातेवाइकांना दोन वाक्यांत सांगून टाका, पुढचे चार दिवस सोपे जातात.

हा लेख इंटर्न, निवासी डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी आणि वॉर्डातल्या सिस्टर यांच्यासाठी आहे. पिशवी कधी मागवायची, किती मागवायची, कशी लावायची आणि कधी हात आवरायचा, हे यात क्रमाने दिलं आहे. हात आवरण्याचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात.

पिशवीत नेमकं काय असतं

प्लेटलेट्स दोन प्रकारे मिळतात. पहिला प्रकार आरडीपी. एका दात्याच्या रक्ताच्या एका पिशवीतून वेगळ्या काढलेल्या ५० ते ७० मिलि प्लेटलेट्स. ३५० मिलि रक्तापासून बनवलेल्या आरडीपीत किमान साडेतीन हजार कोटी प्लेटलेट्स असाव्या लागतात, ४५० मिलिपासून बनवलेल्या पिशवीत साडेचार हजार कोटी. दुसरा प्रकार एसडीपी. यात एकाच दात्याला यंत्राला जोडून तास-दीड तासात फक्त प्लेटलेट्स काढून घेतात आणि बाकीचं रक्त त्याला परत देतात. पिशवी २०० ते ३०० मिलिची, आत किमान तीस हजार कोटी प्लेटलेट्स.

म्हणजे "सहा आरडीपी बरोबर एक एसडीपी" हे वॉर्डातलं गणित ढोबळ आहे. ३५० मिलिच्या पिशव्यांपासून बनवलेल्या सहा आरडीपींत जेमतेम एकवीस हजार कोटी भरतात. प्रौढ रुग्णात एक आरडीपी साधारण ५,००० ते १०,००० ने आकडा वाढवते, एक एसडीपी ३०,००० ते ५०,००० ने. ताप, सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) किंवा मोठी प्लीहा असेल तर याच्या निम्मंही पदरात पडत नाही.

एसडीपीचा खरा फायदा हा की रुग्णाचा संबंध एकाच दात्याच्या रक्ताशी येतो. ज्याला पुढे महिनोन्महिने प्लेटलेट्स लागणार आहेत, त्या ल्युकेमियाच्या रुग्णासाठी तो मोलाचा. एकदाच गरज पडणाऱ्या रुग्णाला आरडीपीही तितक्याच उपयोगी पडतात आणि खर्च कित्येक पटींनी कमी येतो. "एसडीपीच आणा" असं चिठ्ठीवर लिहिण्याआधी नातेवाईक दाता आणि पैसे कुठून उभे करणार आहेत, याचा विचार करा.

प्लेटलेट्स २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हळुवार हलवत ठेवाव्या लागतात आणि साधारणपणे ५ दिवसच टिकतात. त्या थंड झाल्या की त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं बदलतात आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर यकृत त्यांना लगेच गाळून टाकतं. म्हणून फ्रिज वर्ज्य. मात्र खोलीच्या तापमानाला ठेवल्यामुळे जिवाणू वाढण्याचा धोका लाल पेशींच्या पिशवीपेक्षा इथे जास्त असतो. हे पुढे कामाला येईल, लक्षात ठेवा.

पायरी १: आकडा खरा आहे का, ते बघा

आधी एकक वाचा. एक लॅब '०.१८ लाख' लिहिते, दुसरी '१८' लिहून बाजूला हजाराचं एकक देते, तिसरी सरळ १८,००० लिहिते. तिन्ही एकच आहेत. '१.८ लाख' घाईत '१८ हजार' वाचलं, तर निरोगी माणसासाठी पिशवी मागवली जाते.

मग रुग्णाकडे बघा. रिपोर्टमध्ये १२,००० आहेत, पण अंगावर एक ठिपका नाही, हिरड्या स्वच्छ, इंजेक्शन टोचलेली जागा कोरडी, आणि कालच आकडा ९०,००० होता. अशा वेळी शंका घ्यायलाच हवी. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्र तो पुंजका एकच पेशी समजून मोजतं. रक्त घेताना शीर नीट लागली नाही, नळी उलटसुलट करून हलवली नाही, तरी बारीक गाठ होऊन तसाच खोटा आकडा येतो. उपाय साधा आहे: पुन्हा नमुना घ्या, शक्यतो सायट्रेटच्या निळ्या नळीत, आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेटच्या द्रावणामुळे रक्त थोडं पातळ होतं.

त्याहून खात्रीचं म्हणजे स्मिअर, काचपट्टीवर पातळ पसरवलेला रक्ताचा थेंब. तेल घालून शंभरच्या भिंगाखाली दहा क्षेत्रं मोजा, सरासरी काढा आणि १५,००० ने गुणा. सरासरी ४ आली, तर प्लेटलेट्स साठ हजारांच्या आसपास आहेत. पुंजके सहसा स्मिअरच्या कडेला आणि शेपटीला सापडतात, तिथे नजर फिरवायला विसरू नका. लोहाच्या कमतरतेतल्या अगदी बारीक लाल पेशी यंत्र प्लेटलेट म्हणून मोजतं, तेव्हा उलटा घोटाळा होतो आणि आकडा खोटाच जास्त दिसतो. स्मिअरवर तोही कळतो.

पायरी २: रक्तस्राव आहे का आणि किती

इथे रुग्णाला हात लावून तपासायला पर्याय नाही. तोंड उघडून टॉर्चने टाळू बघा, गालाच्या आतली बाजू बघा. पायांवरचे बारीक लाल ठिपके त्रास न देता आठवडाभर राहू शकतात. पण तोंडात रक्ताचे फोड आले असतील, तर सावध व्हायचं. घोळणा फुटला होता का, किती वेळ वाहिला, शौचास काळी झाली का, लघवी लाल आहे का, पाळीत किती पॅड लागले, हे एकेक विचारा. डोकं दुखतंय का आणि नजरेत काही फरक पडला का, हे तर विचारायलाच हवं.

जागतिक आरोग्य संघटनेची श्रेणी केस पेपरवर लिहायची सवय लावा. ठिपके किंवा किरकोळ डाग: श्रेणी १. घोळणा, काळी शौच, लाल लघवी, पण रक्त भरण्याची गरज नाही: श्रेणी २. लाल पेशी भरायला लागतील इतका स्राव: श्रेणी ३. मेंदूत, डोळ्याच्या पडद्यात किंवा जिवावर बेतणारा: श्रेणी ४. "ब्लीडिंग प्लस" एवढंच लिहिलं, तर रात्रपाळीच्या डॉक्टरला सकाळपेक्षा वाढलंय की घटलंय, काहीच कळत नाही.

पायरी ३: प्लेटलेट्स का कमी झाल्या?

हा प्रश्न न विचारता मागवलेली पिशवी बहुतेकदा वाया जाते. कारखाना बंद पडलाय की बाजारात माल नष्ट होतोय, हे आधी ठरवा. केमोथेरपी किंवा ल्युकेमियात अस्थिमज्जा प्लेटलेट्स बनवतच नाही, तिथे बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स टिकतात आणि काम करतात. आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स खातं, मग परक्या का सोडेल? तिथे स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन हा उपचार आहे. प्लेटलेट्स फक्त जिवावरच्या रक्तस्रावात, त्याही या औषधांसोबत.

दोन आजारांत पिशवी घातक ठरू शकते. पहिला टीटीपी: प्लेटलेट्स कमी, हिमोग्लोबिन कमी, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं, आणि स्मिअरवर तुटलेल्या, हेल्मेटसारख्या दिसणाऱ्या लाल पेशी. या रुग्णाला प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रवभाग काढून दात्याचा भरणं, लागतो. बाहेरून प्लेटलेट्स दिल्या, तर लहान रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्यांना खतपाणी मिळण्याची भीती असते. दुसरा हेपॅरिनमुळे होणारा प्रकार: हेपॅरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान आकडा निम्म्याहून खाली येतो आणि पायात किंवा फुप्फुसात गुठळी होते. तिथे हेपॅरिन पूर्ण बंद, कॅथेटर धुवायचं हेपॅरिनसुद्धा, आणि गुठळी रोखायला दुसरं औषध.

मलेरिया, लेप्टो, स्क्रब टायफस यांत आकडा पन्नास हजारांखाली, कधी वीस हजारांखाली जाणं नवलाचं नाही. आजारावरचं औषध लागू पडलं की तो आपोआप वर येतो. घोणस किंवा फुरसं चावलेल्या रुग्णात २० मिनिटांच्या काचेच्या नळीच्या चाचणीत रक्त गोठत नसेल, तर पहिलं काम सर्पविषावरचं प्रतिविष देण्याचं. विष रक्तात फिरत असताना प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा ओतणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

डेंग्यू: इथे थांबून वाचा

एक नेहमीचं चित्र घ्या. २८ वर्षांचा तरुण, वजन ६० किलो, तापाचा पाचवा दिवस. ताप आज सकाळीच उतरला. प्लेटलेट्स १८,०००. रक्तस्राव नाही. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, परवा ३९ होतं, आज ४७. पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. बाहेर सहा नातेवाईक रक्तदात्यांना फोन लावत उभे आहेत.

रिपोर्टवर सगळ्यांची नजर १८,००० वर जाते. तुमची नजर ४७ वर जायला हवी. ३९ वरून ४७ म्हणजे २० टक्क्यांहून अधिक वाढ. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतोय. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात, कारण याच काळात हा झिरपा सर्वाधिक असतो आणि रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो. पोटदुखी, सारख्या उलट्या, गळून जाणं, हिरड्यांतून रक्त, यकृत मोठं होणं, छातीत किंवा पोटात पाणी ही धोक्याची लक्षणं. या रुग्णाला आत्ता सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट हवं: ताशी किलोमागे ५ ते ७ मिलि, म्हणजे त्याच्यासाठी तासाला ३०० ते ४२० मिलि, एक-दोन तास. मग पुन्हा हिमॅटोक्रिट, नाडीचा दाब (वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक), हाताचा गारवा, लघवी. सुधारणा दिसली की किलोमागे ३ ते ५ मिलि दोन-चार तास, पुढे २ ते ३. तासाला ३० मिलि लघवी होत असेल, तर तुम्ही वाटेवर आहात.

आता या रुग्णाला "खबरदारी म्हणून" एक एसडीपी लावली, तर काय होतं? २५० मिलि प्लाझ्मा वाढतो. प्लेटलेट्सचा मोठा भाग काही तासांत नष्ट होतो. आणि दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी रक्तात परत येऊ लागतं, तेव्हा हेच जादा पाणी फुप्फुसांत साठतं. सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आकडा २०,००० किंवा त्याखाली असताना, मोठा रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स दिलेल्या गटात रक्तस्राव लक्षणीय घटला नाही. अंगावर पुरळ, ॲलर्जी, फुप्फुसांचे त्रास मात्र त्याच गटात जास्त झाले. २०२५ मध्ये आलेली एएबीबी या रक्तसंक्रमण क्षेत्रातल्या संघटनेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही डेंग्यूत मोठा रक्तस्राव नसेल, तर प्लेटलेट्स देऊ नका, असंच सांगतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत रक्तस्राव नसताना १०,००० च्या खाली विचार करायची मुभा आहे. ती मुभा आहे, सक्ती नाही, आणि २०,००० किंवा ४०,००० ला तर तीही नाही.

मग डेंग्यूत द्यायच्या कधी? काळी शौच, न थांबणारा घोळणा, उलटीतून रक्त, मेंदूतला रक्तस्राव, अशा खऱ्या स्रावात. आणि सलाइन देऊनही रुग्ण ढासळतोय पण हिमॅटोक्रिट खाली येतंय, तेव्हा पोटात लपलेला रक्तस्राव समजा. तिथे आधी लाल पेशी मागवा, किलोमागे ५ ते १० मिलि. ताज्या लाल पेशींअभावी रुग्ण दगावतो आणि आपण प्लेटलेट्सच्या मागे धावत राहतो, हे होऊ देऊ नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन बंद. स्नायूत इंजेक्शन नाही. तापाला पॅरासिटामॉल. पपईच्या पानांचा रस पाजून रुग्णाला उलट्या होत असतील, तर तो थांबवा, कारण उलटी हे धोक्याचं लक्षण आहे आणि रसामुळे आली की आजारामुळे, हे मग कळत नाही.

नातेवाइकांशी बोलताना आकड्यावरून वाद घालू नका. रुग्णाच्या आईला सांगता येईल: "काकू, पेशी कमी झाल्यात हे खरं, पण रक्त कुठूनही येत नाहीये, तुम्ही स्वतः हिरड्या बघा. आत्ता धोका पाणी कमी पडण्याचा आहे, म्हणून सलाइन चालू आहे. दोन दिवसांत पेशी आपोआप वाढायला लागतात. काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली, हातपाय गार पडले, तर लगेच हाक मारा. दाते तयार ठेवा, पण पिशवी आत्ता लावायची नाही." दाते तयार ठेवायला सांगितलं की घरच्यांच्या हाताला काम मिळतं आणि भीतीही ओसरते.

पायरी ४: कुठल्या आकड्याला द्यायच्या

केमोथेरपी किंवा ल्युकेमियाचा रुग्ण, रक्तस्राव नाही: १०,००० च्या खाली. ताप आणि सेप्सिस असेल, तर पुष्कळ ठिकाणी २०,००० धरतात.

मोठी शस्त्रक्रिया: ५०,००० च्या वर हवेत. मेंदू आणि डोळ्याच्या मागच्या भागाची शस्त्रक्रिया: एक लाख. कंबरेतलं पाणी काढताना (लंबर पंक्चर) जुना नियम ५०,००० चा होता, नवी तत्त्वं २०,००० पर्यंत खाली आली आहेत. आपल्या युनिटचं धोरण विचारून घ्या. मानेतून सेंट्रल लाइन टाकताना जागा दाबता येते, म्हणून नवी तत्त्वं १०,००० सांगतात. पण २०२३ च्या एका डच अभ्यासात १०,००० ते ५०,००० च्या दरम्यान प्लेटलेट्स न देता लाइन टाकलेल्या रुग्णांत रक्तस्राव जास्त झाला होता. त्यामुळे सोनोग्राफी आणि सरावाचा हात दोन्ही नसतील, तर २०,००० चा जुना उंबरठा पाळणं शहाणपणाचं. अस्थिमज्जेच्या तपासणीला प्लेटलेट्स लागत नाहीत. टोचलेल्या जागेवर दहा मिनिटं घट्ट दाब पुरतो.

सिझेरियनला ५०,०००. मणक्यात भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ साधारण ७०,००० मागतात. हेल्प सिंड्रोममध्ये (गर्भारपणात लाल पेशी फुटणं, यकृताला इजा आणि प्लेटलेट्स घटणं) खरा उपचार प्रसूती हाच.

नवजात आणि कमी दिवसांच्या बाळांत २०१९ च्या प्लॅनेट-२ अभ्यासाने जुनी समजूत मोडली. ५०,००० ला प्लेटलेट्स दिलेल्या बाळांत २५,००० वाल्यांपेक्षा मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव जास्त झाला. एनआयसीयूत रुजू झालात, तर हा २५,००० चा आकडा पाठच करा.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या रुग्णाला मेंदूत रक्तस्राव झाला की सहज वाटतं, प्लेटलेट्स द्याव्यात. शस्त्रक्रिया ठरलेली नसेल, तर देऊ नका. २०१६ च्या पॅच अभ्यासात दिलेल्यांचे हाल न दिलेल्यांपेक्षा वाईट झाले.

प्रत्यक्ष मोठा रक्तस्राव चालू असेल, तर ५०,००० च्या वर ठेवा, डोक्याला मार असेल तर एक लाख. अपघातातल्या प्रचंड रक्तस्रावात आकड्याची वाट न बघता लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स सोबतच सुरू होतात.

पायरी ५: मागणीपत्र

मात्रा: प्रौढाला दर १० किलो वजनामागे एक आरडीपी, किंवा एक एसडीपी. मुलांना किलोमागे १० मिलि. दुप्पट मात्रेने दुप्पट संरक्षण मिळत नाही. २०१० च्या प्लाडो अभ्यासात निम्मी, नेहमीची आणि दुप्पट, अशा तिन्ही मात्रांत रक्तस्राव सारखाच झाला.

मागणीपत्रावर वजन, निदान, आजचा आकडा वेळेसह, रक्तस्रावाची श्रेणी, कशासाठी हवंय, आधी रक्त घेतलंय का आणि स्त्री रुग्ण असेल तर किती बाळंतपणं झाली, हे लिहा. नमुन्याच्या नळीवर नाव आणि आयपीडी क्रमांक रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून लिहा. टेबलावर चार नळ्या रांगेत ठेवून नावं घातली की चुकीच्या माणसाला चुकीचा गट जातो.

शक्यतो त्याच रक्तगटाच्या प्लेटलेट्स घ्या. नाही मिळाल्या तर दुसऱ्या गटाच्या चालतात, पण ओ गटाच्या एसडीपीतला प्लाझ्मा ए किंवा बी गटाच्या लहान मुलाला दिला, तर लाल पेशी फुटू शकतात. निगेटिव्ह गटाच्या मुलीला किंवा मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला पॉझिटिव्ह प्लेटलेट्स द्याव्याच लागल्या, तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन द्या. प्लेटलेट्स खूप कमी असतील, तर ते स्नायूत न देता शिरेतून चालणारं घ्या.

एसडीपीसाठी दात्याची तपासणी, प्लेटलेट्स काढणं आणि संसर्गाच्या चाचण्या मिळून चार-सहा तास सहज जातात. उद्या सकाळी आठला शस्त्रक्रिया असेल, तर आजच दुपारी फोन करा. आणि पिशवी शस्त्रक्रियेच्या अगदी आधी लावा. आदल्या रात्री लावून ठेवलेल्या प्लेटलेट्स सकाळपर्यंत किती उरतील, याची खात्री नाही.

पायरी ६: पिशवी लावताना

रक्तकेंद्रातून पिशवी आणायला माणूस पाठवण्याआधी शीर तयार ठेवा. पिशवी आली की अर्ध्या तासात सुरू व्हायला हवी. वॉर्डबॉय मामा बर्फाच्या डब्यातून घेऊन येतात, सिस्टर चांगल्या हेतूने फ्रिजमध्ये ठेवतात, हे दोन्ही प्रकार अजून घडतात. दोन्हींत पिशवी वाया जाते. आणायला पाठवताना "बर्फ नको, फ्रिज नको" हे शब्द तोंडाने सांगा.

पिशवी ट्यूबलाइटसमोर धरा आणि बोटांनी हलकेच दाबा. चांगल्या प्लेटलेट्स चपट्या असतात, त्यामुळे आत धुराच्या लाटा फिरल्यासारखी रेशमी चमक दिसते. प्लेटलेट्स मेल्या की त्या गोल होतात, ही चमक जाते आणि पिशवी निर्जीव, एकसारखी गढूळ दिसते. गाठी, बुडबुडे, हिरवट किंवा लालसर रंग दिसला, तर लावू नका, परत पाठवा.

दोघांनी मिळून तपासा: रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या, हातातली पट्टी, पिशवीचा क्रमांक, गट, मुदत. संमतिपत्र झालंय ना, ते बघा. नाडी, रक्तदाब, ताप, श्वास लिहून ठेवा.

१७० ते २०० मायक्रॉनच्या गाळणीचा रक्ताचा सेट वापरा, नवा. लाल पेशी दिलेल्या सेटमध्ये आतला गाळ प्लेटलेट्स अडकवतो. सहा आरडीपी एकामागून एक लावायच्या असतील, तर त्याच एका सेटमधून लावा. दर पिशवीला नवा सेट घेतला, तर ६० मिलितला बराचसा भाग प्रत्येक सेटच्या नळीतच राहतो. शेवटी थोडं सलाइन सोडून नळी धुऊन घ्या. त्याच शिरेत रिंगर लॅक्टेट नको, त्यातल्या कॅल्शियममुळे गाठी होतात. डेक्स्ट्रोज नको, औषध नको. फक्त नॉर्मल सलाइन.

पहिली १५ मिनिटं हळू, आणि तेवढा वेळ रुग्णाजवळ थांबा. मग एसडीपी ३० ते ६० मिनिटांत, एक आरडीपी १५-२० मिनिटांत. काहीही झालं तरी ४ तासांच्या आत संपवा.

काही बिघडलं तर

फक्त गांधी उठल्या, श्वास नीट आहे: थांबवा, एव्हिल (ॲलर्जीचं औषध) द्या, उतरल्यावर हळू पुन्हा सुरू करा. प्रत्येकाला आधीच एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन द्यायची पद्धत अनेक वॉर्डांत आहे. त्याने त्रास टळतो असं दिसलेलं नाही. उलट सुरुवातीची लक्षणं झाकली जातात.

थंडी वाजून ताप एक अंश सेल्सिअसने किंवा जास्त चढला, रक्तदाब उतरला, धाप लागली: पिशवी बंद. सुई काढू नका, नवा सेट लावून सलाइन चालू ठेवा. नाव-क्रमांक पुन्हा जुळवा. जिवाणूंचा धोका आठवा: रुग्णाचं आणि पिशवीचं कल्चर पाठवा, हुडहुडी जोरात असेल तर अँटिबायोटिकला उशीर नको. सहा तासांच्या आत धाप आणि ऑक्सिजन घसरला, तर फुप्फुसाची इजा की पाणी जास्त झालं, ते एक्स-रे आणि रक्तदाबावरून ठरवा. दुसऱ्यात लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) कामाला येतं, पहिल्यात ते घात करू शकतं.

पिशवी सेटसकट रक्तकेंद्रात परत जायला हवी. ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली, तर कारण कधीच कळत नाही. राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम डिसेंबर २०१२ पासून चालू आहे. त्याचा फॉर्म रक्तकेंद्रात मिळतो, तो भरा.

पायरी ७: नंतरचा आकडा

संपल्यावर दहा मिनिटांपासून तासाभरात एक आकडा घ्या आणि २४ तासांनी दुसरा. वाढलेल्या आकड्याला शरीराच्या पृष्ठफळाने गुणा आणि दिलेल्या प्लेटलेट्सने भागा. दहाचा अकरावा घात हे एकक धरलं की एसडीपीसाठी भागायचा आकडा साधारण ३ येतो. वाढ २४,०००, पृष्ठफळ १.६ चौरस मीटर, तर उत्तर १२,८००. छान. तासाभराचं हे उत्तर लागोपाठ दोनदा ५,००० च्या खाली आलं, तर रुग्ण प्लेटलेट्सना दाद देत नाही असं समजा. आधी ताप, सेप्सिस, प्लीहा, डीआयसी (शरीरभर बारीक गुठळ्या होऊन प्लेटलेट्स संपणं), ॲम्फोटेरिसिन (बुरशीवरचं औषध) ही कारणं बघा, कारण तीच जास्त आढळतात. तासाला चांगली वाढ पण २४ तासांनी पुन्हा मूळपद, असं असेल तर बहुधा याच कारणांपैकी एक असतं. तासालाच वाढ शून्य असेल आणि रुग्णाला अनेकदा रक्त मिळालं असेल किंवा बाळंतपणं झाली असतील, तर एचएलए या पेशींवरच्या खुणांविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी आणि जुळणारा दाता शोधावा लागतो. तोवर तशाच पिशव्या चढवत राहून काही साधत नाही.

दात्यांना बोलावताना

एसडीपीचा दाता निदान ५० किलोचा, स्वतःच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर, हातांच्या शिरा ठसठशीत. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी, हे फोनवरच विचारा. नाहीतर माणूस कामधंदा सोडून पन्नास किलोमीटर येतो आणि दारातून परत जातो. दोन वेळांत निदान ४८ तासांचं अंतर हवं.

ॲप्लास्टिक ॲनिमिया किंवा ल्युकेमियाच्या ज्या रुग्णाला पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊ शकतं, त्याच्या सख्ख्या भावंडांच्या किंवा आईवडिलांच्या प्लेटलेट्स घेऊ नका. भाऊ सगळ्यात आधी बाही वर करून उभा राहतो, आणि त्याला का नको म्हणतोय, हे त्याला तिथेच समजावून सांगा: आज त्याचं रक्त दिलं, तर रुग्णाच्या शरीरात त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि उद्या त्याचीच मज्जा रुजणं अवघड होतं. या रुग्णांसाठी मागणीपत्रावर ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) काढलेली आणि गरजेप्रमाणे किरण दिलेली पिशवी, असं स्पष्ट लिहा, आणि केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने "नातेवाइकांचं रक्त नको" अशी नोंद करा, म्हणजे रात्री दोनला ड्यूटीवर आलेल्या नव्या डॉक्टरलाही ती दिसेल.